ओळखलंस का मला? : डॉ. अलॉइस अल्झायमर यांची गोष्ट



२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. परिपाठात दिनविशेष सांगताना आपण तो एका ओळीत वाचतो आणि सुविचाराकडे वळतो. मीही इतकी वर्षं तेच करत होते. मागच्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली, आणि त्या एका ओळीमागे कोण माणूस आहे हे मला शोधावंसं वाटलं.

चौथीच्या वर्गाला माझे आजोबा हा निबंध दिला होता. एरवी पानभर लिहिणाऱ्या एका मुलाने पान कोरं ठेवलं. विचारलं तर म्हणाला, मी आजीवर लिहू का? आजी गावाला, आजोबा मात्र याच्याच घरात, हे मला माहीत होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं की याचे आजोबा येडे झालेत, परवा बनियनवरच एस.टी. स्टँडवर गेले होते. वर्ग हसला. तो मुलगाही हसला, आणि तेच मला जास्त लागलं. पालकसभेच्या दिवशी त्याची आई थांबून राहिली. सगळे गेल्यावर तिने सांगितलं की सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी नावही सांगितलंय. पण घरात नणंद लग्नाची आहे, म्हणून आम्ही बाहेर काही बोलत नाही.

आजाराचं नाव माहीत आहे, पण उच्चारायची चोरी. मग मी त्या नावाचाच माग काढायचं ठरवलं. पुढची माहिती वर्गात सांगता येईल आणि घरीही वाचता येईल, अशी लिहायचा प्रयत्न केला आहे.

नोटरीचा मुलगा

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या छोट्या गावी झाला. वडील एडुआर्ड हे नोटरी, म्हणजे दस्तऐवज करून देणारे सरकारमान्य अधिकारी. त्यांची पहिली पत्नी बाळंतपणानंतरच्या तापाने गेली. मग त्यांनी तिच्याच बहिणीशी लग्न केलं. अलॉइस हे या दुसऱ्या लग्नाचं पहिलं अपत्य. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्ग या मोठ्या गावी आलं. शिक्षणासाठी गाव सोडणारी कुटुंबं आपल्याला काही नवीन नाहीत.

पुढे बर्लिन, वुर्ट्सबुर्ग, ट्यूबिंगन इथे त्यांनी वैद्यकशास्त्र शिकलं. विद्यार्थिदशेत ते काही फार शांत वगैरे नव्हते. त्या काळी जर्मन विद्यार्थी मंडळांत तलवारबाजीचे सामने व्हायचे. तशाच एका सामन्यात त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला मोठा व्रण पडला, तो जन्मभर राहिला. १८८७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! मुलांना हे सांगितलं की वर्ग हमखास हसतो. हसू द्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघून जे दिसतं ते जसंच्या तसं कागदावर काढायचं, हा हात त्यांना त्या कामात बसला आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडला.

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. या रुग्णालयाची एक गंमत प्राथमिक शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ते उभारण्यासाठी ज्यांनी खटपट केली ते डॉ. हाइनरिश हॉफमन म्हणजे श्ट्रुवेलपेटर या जगभर गाजलेल्या बालचित्रपुस्तकाचे लेखक. मुलाला भेट द्यायला बाजारात बरं पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच चित्रं काढून, ओळी जुळवून पुस्तक केलं होतं. त्यांच्या रुग्णालयाची इमारत ऐसपैस आणि देखणी होती. फ्रँकफर्टचे लोक मात्र तिला वेड्यांचा वाडा म्हणायचे. आपल्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की त्याला येरवड्याला किंवा ठाण्याला पाठवा असं सहज म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

अल्झायमर आले त्याच वर्षी हॉफमन निवृत्त झाले आणि एमिल सिओली प्रमुख झाले. पुढच्या वर्षी फ्रान्झ निस्सल नावाचे दुसरे तरुण डॉक्टर आले. मेंदूतल्या पेशी रंगवून बघण्याची नवी रीत निस्सल यांच्याजवळ होती. दिवसभर रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा या दोघांचा दिनक्रम झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या मंडळींनी रुग्णांना बांधून ठेवणं शक्य तितकं कमी केलं. अस्वस्थ रुग्णाला कोमट पाण्याच्या टबात तासन्‌तास बसवायचं, बिछान्यात विश्रांती द्यायची, त्याच्याशी बोलायचं. आज हे साधं वाटतं. त्या काळी बऱ्याच ठिकाणी पट्टे आणि आवळून बांधणारे अंगरखे वापरात होते. अर्थात त्या वाड्यात सगळं आलबेल होतं असंही नाही. ओरडणाऱ्या रुग्णाला वेगळ्या खोलीत बंद करणं तिथेही चालायचं. ते पुढे येईलच.

त्यांचं लग्न सेसिलिया नावाच्या श्रीमंत विधवेशी झालं. तीन मुलं झाली. पण २८ फेब्रुवारी १९०१ रोजी सेसिलिया वारली. धाकटी मुलगी तेव्हा अगदी तान्ही होती. अल्झायमर यांची अविवाहित बहीण एलिझाबेथ मुलं सांभाळायला येऊन राहिली, आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं. त्यानंतर नऊ महिन्यांनी रुग्णालयात एक बाई दाखल झाली.

आउगुस्टे

२५ नोव्हेंबर १९०१. बाईचं नाव आउगुस्टे डेटर, वय ५१. नवरा कार्ल हा रेल्वेत कारकून, त्यांना एक मुलगी. संसार व्यवस्थित चाललेला. त्या वर्षीच्या वसंतापासून मात्र बाई बदलली. आधी ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली की तुम्ही शेजारणीबरोबर फिरायला जाता. मग स्वयंपाक चुकायला लागला. घरात ती उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरायची, वस्तू कुठेतरी दडवून ठेवायची, पैशांचा हिशेब राहिला नाही. शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटा वाजवायची. शेजारी वैतागले असणार, आणि शेजारी वैतागले की काय बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे.

इथे जरा थांबते. आजार सुरू होताना असाच दिसतो. सुरुवातीला माणूस विसरतोय हे लक्षातच येत नाही. तो संशय घेतोय, चिडतोय, भांडतोय एवढंच घरच्यांना दिसतं. माझे पैसे सुनेने घेतले, असं सासू चारचौघांत म्हणते, तेव्हा अनेकदा पैसे तिनेच कुठेतरी ठेवलेले असतात आणि ठेवल्याची आठवण पुसलेली असते. त्या रिकाम्या जागेत मन काहीतरी कारण भरतं. सून मात्र चोर ठरते, सासू खाष्ट ठरते, आणि डॉक्टरकडे जायच्या आत घर फुटतं.

आउगुस्टेला पाहून अल्झायमर चक्रावले. म्हातारपणी माणसाची बुद्धी जाते हे तेव्हाही सगळे धरूनच चालत. आपल्या साठी बुद्धी नाठी या म्हणीसारखंच. पण ही तर एक्कावन्न वर्षांची! दुसऱ्या दिवशी ते तिच्याजवळ बसले आणि विचारायला लागले. काय विचारलं आणि काय उत्तर आलं, ते ओळीओळीने लिहून ठेवलं. त्या नोंदी आज उपलब्ध आहेत, आणि वाचताना मला आपल्या पहिलीच्या वर्गातली तोंडी परीक्षा आठवत राहिली.

तिला नाव विचारलं, तिने आउगुस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, पुन्हा आउगुस्टे. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी तेच. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत होती. काय खातेस विचारल्यावर तिने पालक म्हणून सांगितलं. पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या, त्यांची नावं तिने बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय काय दाखवलं होतं असं विचारलं, तर काहीच आठवेना. सहा अंडी, एक अंडं सात फेनिगला, तर किती झाले? उत्तर जुळलं नाही. कुठल्या रस्त्यावर राहतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली की सांगते, पण जरा थांबावं लागेल.

मग तिला आपलं नाव लिहायला सांगितलं. जर्मन पद्धतीप्रमाणे आधी श्रीमती आणि मग नाव. तिने श्रीमती लिहिलं आणि ती थांबली. पुढे काय लिहायचं ते विसरली. प्रत्येक शब्द तिला पुन्हा सांगावा लागला. वाचताना एका ओळीवरून भलत्याच ओळीवर जायची, अक्षर अक्षर सुटं वाचायची. बोलताना शब्द सापडेना की वस्तूचं काम सांगायची. कप हा शब्द आठवला नाही, तर दूध ओतायचं भांडं अशा अर्थाचा काहीतरी शब्द तिने स्वतःच केला. शिक्षक म्हणून मला हे फार जवळचं वाटलं. पहिलीतली पोरंही शब्द अडला की असंच करतात. आपण त्यांना हसत नाही, शब्द पुरवतो. आयुष्यभर बोललेल्या माणसाचा शब्द अडला, की मात्र आपल्याला हसू येतं किंवा राग येतो.

या सगळ्या बोलण्यात ती अधूनमधून एकच सांगत होती, की मी स्वतःलाच हरवून बसले आहे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांना काही कळत नाही, असं आपण अशा माणसाच्या समोर बसून बिनदिक्कत बोलतो. आउगुस्टेला कळत होतं. आपलं काय होतंय ते तिने डॉक्टरला सांगितलं आणि डॉक्टरने ते लिहून घेतलं.

तिची परवडही त्याच नोंदींत आहे. ती तासन्‌तास ओरडायची, तेव्हा तिला वेगळ्या खोलीत ठेवत. तिथून बाहेर काढताना ती घाबरून जायची, आपल्याला कोणी कापणार असं तिला वाटायचं. १९०२ मधला तिचा फोटो आहे. रुग्णालयाचा अंगरखा, मोकळे केस, गुडघ्याभोवती धरलेले हात, कपाळावर आठ्या. पन्नाशीची बाई सत्तरीची दिसते. हा फोटो मी वर्गात दाखवला नाही, तुम्हीही दाखवू नका असं सुचवते. लहान मुलं फोटोला घाबरतात आणि मग घरातल्या आजीलाही घाबरतात.

एक भाषण, ज्यावर प्रश्नच आला नाही

१९०३ मध्ये अल्झायमर हायडेलबर्गमार्गे म्युनिकला गेले. तिथे एमिल क्रेपेलिन हे त्या काळातले मोठे मानसोपचारतज्ज्ञ होते. म्युनिकला त्यांनी बराच काळ बिनपगारी काम केलं. पत्नीच्या संपत्तीमुळे ते जमलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेंदूच्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि देशोदेशीचे तरुण शिकायला येत. लायबेरियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ म्हणून ओळखले गेलेले सॉलोमन कार्टर फुलर हेही त्यांच्याकडे शिकले. शिकवण्याची पद्धत अशी की प्रत्येक विद्यार्थ्याशेजारी बसायचं, त्याच्या सूक्ष्मदर्शकातून बघायचं, समजावायचं. हातातली सिगार टेबलावर ठेवायची आणि बोलण्याच्या नादात विसरून पुढच्याकडे जायचं. दिवसाच्या शेवटी प्रत्येक सूक्ष्मदर्शकाजवळ एकेक सिगारचं थोटूक उरायचं म्हणतात. विसरणं कुणाला चुकलंय!

गाव सुटलं तरी त्यांनी आउगुस्टेची चौकशी सोडली नाही. तिची अवस्था उतरत गेली. शेवटी ती बिछान्यावर पाय पोटाशी घेऊन पडून असायची, अंगाला जखमा झाल्या होत्या. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर यांनी सिओलींकडून तिची कागदपत्रं आणि मेंदू म्युनिकला मागवून घेतला.

मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. मेंदू बराच आक्रसला होता. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते होते, जणू लोकर गुंतावी तसे. आणि पेशींच्या बाहेर, मेंदूभर, कसल्यातरी पदार्थाचे बारीक चकते साचलेले होते. ते अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. पण या बाईच्या वागण्यामागे तिचा स्वभाव नव्हता, हट्ट नव्हता, पाप नव्हतं की बाहेरची बाधा नव्हती. मेंदूत डोळ्यांना दिसणारा बिघाड होता. काचपट्टीवर तो दाखवता येत होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगनला नैऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं. भाषण संपलं. एकही प्रश्न आला नाही. अध्यक्षांनी पुढचा वक्ता बोलावला. पुढच्या वर्षी त्यांचा जेमतेम दोन-तीन पानांचा लेख छापून आला. आपण जीव तोडून पाठ घ्यावा आणि समजलं का विचारल्यावर वर्गाने थंडपणे बघावं, त्यातलाच तो प्रसंग. फरक एवढाच की आपल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तो वर्ग मिळतो.

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमरचा आजार असं नाव दिलं. स्वतः अल्झायमर यांना हा म्हाताऱ्यांच्या स्मृतिभ्रंशाहून खरंच वेगळा आजार आहे का याची शंका होती, आणि १९११ च्या मोठ्या लेखात त्यांनी ती बोलूनही दाखवली. पण पाठ्यपुस्तकात एकदा छापलं की ते छापलं. परिणाम असा झाला की पन्नाशीत विसरला तर आजार आणि सत्तरीत विसरला तर म्हातारपण, अशी वाटणी झाली, आणि ती अर्धं शतकभर टिकली. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या डॉक्टरांनी वृद्धांच्या मेंदूतही तेच चकते मोजून दाखवले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे लिहिलं की हे दोन्ही एकच आहेत. म्हणजे तोपर्यंतचे लाखो आजी-आजोबा, ज्यांना आजार होता, ते चळलेले म्हणूनच गेले. आपल्याकडे म्हातारचळ हा शब्द अजून शिल्लक आहेच.

१९१२ मध्ये ब्रेस्लाउ विद्यापीठात (हे शहर आता पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ) त्यांना प्राध्यापकपद मिळालं. इतकी वर्षं बिनपगारी राबल्यावर मिळालेलं मानाचं पद! पण तिकडे जाताना प्रवासातच ते आजारी पडले. संसर्ग हृदयापर्यंत गेला आणि त्यातून ते पुरते कधीच उठले नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते वारले. वय ५१. आउगुस्टे त्यांच्यासमोर आली तेव्हा तिचंही वय हेच होतं. फ्रँकफर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरलं आहे.

आउगुस्टेची कागदपत्रं मात्र हरवली होती. १९९५ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टचे प्राध्यापक कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुन्या दप्तरात एक निळी फाइल सापडली. आत ३२ पानं, अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातले प्रश्न-उत्तरं, आणि आउगुस्टेने अर्धवट लिहिलेलं स्वतःचं नाव. शास्त्रीय लेखात ती फक्त एक्कावन्न वर्षांची बाई होती. ती नावासकट परत आली ती या फाइलमुळे. तुम्ही-आम्ही प्रगतिपुस्तकाच्या वर्णनात्मक नोंदी किती उरकून लिहितो, ते मला तेव्हा आठवलं. सगळ्यांना एकच वाक्य, वर्तन चांगले आहे. असो.

शब्दांचं काय करायचं

आजार सापडला म्हणून कलंक गेला असं झालं नाही. याचं एक कारण आपले शब्द आहेत. येडा, चळलाय, भ्रमिष्ट, डोकं फिरलंय. स्मृतिभ्रंश हा त्यातला सभ्य शब्द, पण भ्रंश आणि भ्रष्ट हे एकाच धातूपासून आलेले आहेत, हेही विसरायला नको. जपानमध्ये या आजाराला जो जुना शब्द होता त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारने तो बदलून आकलनाशी संबंधित असा नवा शब्द आणला, कारण जुन्या शब्दाच्या लाजेने लोक तपासणीलाच येत नाहीत असं दिसलं. आपल्याकडे कोणी शब्द बदलून देईल तेव्हा देवो. वर्गात आणि घरात विसरण्याचा आजार म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हा आजार दूर कुठेतरी जर्मनीत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरातल्या सात जणांहून थोडे जास्त. तुमच्या शाळेच्या पटावर दोनशे मुलं असतील, तर त्यांच्यातल्या काहींच्या घरी असं माणूस आहेच. फक्त मुलं सांगत नाहीत. डिमेन्शिया हे लक्षणांचं एकत्रित नाव आणि अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यानेही तो होतो. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. म्हणून लपवण्यात नुकसान आहे. लपवलं तर जे बरं होण्यासारखं आहे तेही तसंच राहतं. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. बहुतेक वेळा तो घराण्यातून थेट उतरतोच असंही नाही, त्यामुळे नणंदेच्या लग्नाची काळजी करणाऱ्या त्या आईला मी एवढं तरी सांगू शकले. तिला ते किती पटलं, माहीत नाही. सासरची माणसं माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक.

वर्गात ही गोष्ट मी दोन तासिकांत सांगितली. फोटो नाही, मेंदूचे काप नाहीत. पेन्सिल, किल्ली, अंडी आणि अर्धवट नाव एवढंच. अंड्यांचं गणित मुलांनी पटकन सोडवलं, बेचाळीस, आणि मग सगळे गप्प झाले. एका मुलीने विचारलं की रोगाला डॉक्टरचं नाव दिलं, बाईचं का नाही दिलं? मला उत्तर देता आलं नाही. शोध लावणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत असते, एवढं सांगून मी वेळ मारून नेली.

एक चूक मात्र माझी झाली, ती तुम्ही करू नका. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांची परीक्षाच सुरू केली. वस्तू दाखवायच्या, काढून घ्यायच्या आणि विचारायचं. दोन पालकांचे फोन आले. अल्झायमर डॉक्टर होते, त्यांना आजार समजून घ्यायचा होता, म्हणून ते विचारत होते. घरात असं विचारणं म्हणजे अडलेल्या माणसाला चारचौघांत उभं करणं. आपण मोठी माणसं तरी काय करतो? दारात आलेला प्रत्येक पाहुणा आजारी माणसापुढे वाकून विचारतो, ओळखलंस का मला? मी कोण, सांग पाहू? प्रेमानेच विचारतो. समोरचा माणूस ओशाळं हसतो, नाहीतर रागावतो. मग पाहुणा बाहेर येऊन सांगतो, काही ओळखत नाहीत हो आता.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुलांना नवा गृहपाठ दिला. कुठल्याही म्हाताऱ्या माणसाकडे गेलात की आधी स्वतःचं नाव सांगायचं. तेच पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचं, आधीच सांगितलं होतं असं म्हणायचं नाही. शब्द अडला तर पुरवायचा. जुनं काही सांगत असतील, त्यांची शाळा, बैलजोडी, गिरणीतली नोकरी, तर ऐकायचं, दहाव्यांदा असलं तरी. जुनं बऱ्याचदा शाबूत असतं, नवीन आधी पुसलं जातं.

त्या मुलाने निबंध अजून लिहिलेला नाही, मी मागितलाही नाही. पण दिवाळीआधी त्याची आई भेटली तेव्हा सांगत होती. संध्याकाळी दप्तर टाकलं की हा आजोबांच्या खाटेजवळ जातो आणि आपलं नाव, इयत्ता, शाळा सगळं घडाघडा सांगतो, हजेरी दिल्यासारखं. आजोबा रोज विचारतात की मास्तर कोण आहेत तुला. तो म्हणतो मास्तर नाहीत, बाई आहेत. आजोबांना रोज त्याचं नवल वाटतं.